ब्लीच केलेलं सुती कापड पुन्हा पुन्हा विरतंय, भोकं पडतायत: दोष नेमका कुठे शोधायचा?

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. कापड पांढरंशुभ्र निघतं, हाताला मऊ लागतं, रंगायला जातं आणि मग कुठेतरी जरा ताण बसला की टरकन फाटतं. मग ब्लीचचं प्रमाण कमी केलं जातं. पुढचे एकदोन लॉट बरे जातात आणि नंतर पुन्हा तेच. कोणी ब्लीच करणाऱ्या पेरॉक्साइडचा पुरवठादार बदलतो, कोणी तापमान उतरवतो. दुखणं हटत नाही, कारण मुळात ते ब्लीचच्या प्रमाणाचं नसतंच.

प्रमाणाचा विचार नंतर करावा. आधी शोधायचं ते हे, की तंतूतला कोणता बंध तुटलाय आणि कशाने. कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज: ग्लुकोजचे हजारो घटक एकामागे एक जोडलेली लांब साखळी. कापडाची ताकद या लांबीवर उभी असते. आम्ल ही साखळी दोन घटकांमधल्या सांध्यावर तोडतं. ऑक्सिडीकरण करणारी रसायनं आधी घटकावरच घाव घालतात, सांधा नंतर सुटतो. हवेचा संपर्क नसेल तर साधा कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) साखळीला फारसा धक्का लावत नाही, पण हवा आणि उष्णता मिळाली की तोही ऑक्सिडीकरणाचा साथीदार होतो. तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या वाचता येतात.

आधी कापड नीट बघा

कोणतंही रसायन हातात घेण्याआधी कापड उजेडासमोर धरा. नुकसान ठिपक्या-ठिपक्यांनी आहे, पट्ट्यांनी आहे, घड्यांवर आहे की सगळीकडे सारखं आहे? मग उभा आणि आडवा असे दोन्ही धागे उसवून हाताने तोडून बघा. दोन्ही सारखेच कमजोर असतील तर कारण कापडभर पसरलेलं आहे. फक्त उभा धागा गेला असेल तर खळ काढण्याच्या टप्प्याकडे वळा, कारण खळ, म्हणजे विणण्याआधी दिलेली स्टार्चची पेज, उभ्या धाग्यालाच लावलेली असते. आम्लाने किंवा परसल्फेटने खळ काढणारे इथे हमखास अडकतात. अमायलेझ एन्झाइम फक्त स्टार्च तोडतं, सेल्युलोजला हात लावत नाही. स्टार्चचं रेणू-बांधकाम सेल्युलोजसारखंच ग्लुकोजचं आहे, पण सांध्याची दिशा वेगळी, आणि एन्झाइमला तो फरक बरोबर कळतो. आम्लाला कळत नाही.

ठिपक्यांसारखी भोकं: लोखंड शोधा

बाकीचं कापड धडधाकट आणि मधेच टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, किंवा भोकाच्या आधीची अवस्था म्हणजे बोटाने दाबलं की फुटणारा ठिपका, असं दिसलं तर पेरॉक्साइडला दोष देऊ नका. तिथे धातूचा कण होता.

हायड्रोजन पेरॉक्साइड क्षारी पाण्यात सावकाश फुटायला हवं. साधारण १०.५ ते ११ पीएच आणि ९० अंश सेल्सिअसच्या वर ते आपलं काम नीट करतं. पण लोखंड, तांबं किंवा मँगनीज यांचा अंश मिळाला की त्या जागी ते झपाट्याने फुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. हे रॅडिकल नैसर्गिक पिवळेपणा आणि सेल्युलोज असा भेद करत नाहीत, समोर येईल त्याचा हायड्रोजन ओढून घेतात. त्या घटकावर कार्बोनिल गट तयार होतो, आणि बाथ (कापड ज्यात बुडवतात ते रसायनांचं पाणी) क्षारी असल्यामुळे तिथेच साखळी तुटते. हे सगळं काही मिनिटांत, कणाच्या भोवतीच्या एवढ्याशा जागेत घडतं. म्हणून शेजारचा धागा शाबूत राहतो.

चाचणी सोपी आहे. संशयित ठिपका असलेला तुकडा कापून घ्या, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मग पोटॅशियम फेरोसायनाइडच्या पातळ द्रावणाचा एक थेंब. निळा डाग उमटला की लोखंड आहे. (हे मिश्रण तापवू नका, विषारी वायू सुटतो. चाचणीचा तुकडा परत लॉटमध्ये टाकू नका.) भोक पडून गेलं असेल तर कण बहुधा वाहून गेलेला असतो, म्हणून ही चाचणी ग्रे (मागावरून आलेल्या कोऱ्या) कापडावर किंवा स्कोअरिंगनंतरच्या (गरम कॉस्टिकने मेण काढल्यानंतरच्या) कापडावर करा. ब्लीच झालेल्या कापडावर काही सापडलं नाही म्हणून लोखंड नव्हतं असा निष्कर्ष काढू नये.

लोखंड येतं कुठून? गंजलेल्या पाइपातून, जिगरच्या (कापड बाथमधून पुढेमागे फिरवणाऱ्या यंत्राच्या) सोललेल्या रोलरवरून, गासडीच्या पट्टीतून, मागाच्या झिजलेल्या भागातून उडालेल्या किसातून. पाण्यातलं लोखंड असेल तर ठिपके न पडता सगळं कापड हलकं पिवळट आणि थोडं कमजोर होतं. ठिपके पडतात ते सुट्या कणांमुळे. हा फरक लक्षात ठेवला तर शोध निम्म्यावर येतो.

उपाय करताना एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते. धातू बांधून ठेवायला बाथमध्ये ईडीटीए टाकलं की झालं, असं समजतात. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम चांगलं धरतं, पण १०.५-११ पीएचला लोखंड त्याच्या हातून सुटतं आणि हायड्रॉक्साइड होऊन बसतं. तीव्र क्षारी बाथमध्ये लोखंडासाठी सोडियम ग्लुकोनेट जास्त कामाचं. त्याहून चांगलं म्हणजे ब्लीचच्या आधीच, आम्लधर्मी बाथमध्ये कापड धातुमुक्त करून घेणं. ऑक्झॅलिक आम्ल लोखंड छान काढतं, फक्त नंतर धुलाई कसून करा. ते कापडात राहून वाळलं तर पुढच्या भागातलं दुखणं ओढवतं.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. सोडियम सिलिकेट पेरॉक्साइडला स्थिर ठेवतं, पण त्याला त्यासाठी मॅग्नेशियमची सोबत लागते. पाणी अगदी मृदू करून घेतलं आणि मॅग्नेशियम सल्फेट टाकलंच नाही, तर स्थिरता उलट कमी होते. पाणी शुद्ध केल्यापासून त्रास वाढला, असं कोणी सांगितलं तर मी आधी इथे बघतो.

बाथची नाडी बघायची असेल तर सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करा, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजा; टिकून राहणारा फिका गुलाबी रंग म्हणजे शेवट. सुरुवातीला, मधे आणि शेवटी असे तीन वेळा नमुने घ्या. पेरॉक्साइड सावकाश उतरत गेलं तर ठीक. तापमान चढतानाच बहुतेक संपून गेलं असेल तर ते पांढरं करण्यात खर्च झालेलं नाही, धातूने खाल्लंय. अशा वेळी पांढरेपणा कमी आला म्हणून डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल.

सगळं कापड कमजोर, घड्यांवर जास्त: आम्ल

हायपोक्लोराइटने (क्लोरीनच्या ब्लीचने) ब्लीच केलं की शेवटी पातळ आम्लातून काढायची पद्धत आहे. क्षार मरतो, पिवळट झाक जाते. पण सल्फ्युरिक आम्ल उडून जात नाही. अर्धवट धुतलेलं कापड वाळायला लागलं की पाणी उडतं आणि आम्ल मागे राहून घट्ट होत जातं. पाण्याबरोबर ते आधी वाळणाऱ्या जागांकडे सरकतं: घडीची धार, काठ, रोलचं बाहेरचं टोक. म्हणून नुकसानही तिथेच जास्त. बाथमधून निघताना अगदी निरुपद्रवी वाटणारं प्रमाण ड्रायरमध्ये गेल्यावर कापड जाळतं.

हे ओळखायला कापड बारीक कापून थोड्या डिस्टिल्ड पाण्यात तासभर हलवत ठेवा आणि पाण्याचा पीएच बघा. कापडावर थेट पट्टी दाबून बघितलेला पीएच वरवरचा असतो. पीएच आम्लाकडे झुकला असेल तर उरलेलं कापड ताबडतोब सोडा ॲशच्या (सोडियम कार्बोनेटच्या) पातळ द्रावणातून काढून धुवा. पुढचं नुकसान थांबेल, झालेलं भरून येणार नाही. तुटलेली सेल्युलोज साखळी कोणत्याही फिनिशने जोडता येत नाही. तसं सांगून सॉफ्टनर विकणारे भेटतील, कापड फक्त मऊ होईल.

जिथे शक्य आहे तिथे शेवटच्या धुलाईला ॲसेटिक आम्ल वापरा. ते वाळताना उडून जातं. सल्फ्युरिकपेक्षा महाग पडेल, पण कापडापेक्षा स्वस्तच.

ब्लीचनंतर ठीक, पहिल्या गरम धुण्यात गेलं

लपून बसणारा दोष हाच, आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. पाठवणारा म्हणतो कापड तपासून दिलं होतं, घेणारा म्हणतो धुतल्यावर चिंध्या झाल्या, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हायपोक्लोराइटचा बाथ १० ते ११ पीएचला ठेवला तर तो बऱ्यापैकी सुरक्षित असतो. ब्लीच चालू असताना आम्लं तयार होतात आणि पीएच आपोआप घसरतो. तो ७ च्या आसपास आला की सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण सगळ्यात वेगाने होतं. आणखी खाली, ५ च्या खाली गेला तर क्लोरीन वायू सुटायला लागतो आणि ते नाकाला कळतं. ७ ला मात्र काहीच कळत नाही, उलट कापड भराभर पांढरं होताना दिसतं आणि ऑपरेटर खूश होतो.

अशा वेळी तयार होणाऱ्या ऑक्सिसेल्युलोजमध्ये (ऑक्सिडीकरण झालेल्या सेल्युलोजमध्ये) आल्डिहाइड आणि कीटोन गट जास्त असतात. साखळी अजून जागेवर असते, म्हणून त्या दिवशी ताकद मोजली तर आकडा फारसा पडलेला दिसत नाही. पण त्या गटांच्या शेजारचा सांधा आता क्षाराला घाबरतो. पुढे कुठेही गरम क्षारी पाणी लागलं, मग ते व्हॅट रंगाचं बाथ असो, रिॲक्टिव्ह रंगानंतरची सोपिंग (गरम साबणधुलाई) असो की घरातला साबण-सोड्याचा धुण्याचा डबा, की साखळ्या एकापाठोपाठ एक सुटतात. शिवाय हे कापड उष्णतेत पिवळं पडतं. पांढरं कापड इस्त्रीखाली किंवा गोदामात पिवळं होत असेल तर त्याला उन्हाचा किंवा साबणाचा दोष देण्याआधी आल्डिहाइड तपासा.

म्हणून ताकदीची चाचणी दोनदा घ्या. एक पट्टी जशी आहे तशी तोडा. तिची जोडीची पट्टी पातळ कॉस्टिकमध्ये थोडा वेळ उकळून, धुऊन, वाळवून तोडा. शेजारी चांगल्या कापडाच्या पट्ट्याही तशाच घ्या, कारण उकळताना कापड आटतं आणि आकडे थोडे हलतातच. संशयित कापड उकळल्यावर चांगल्यापेक्षा बरंच जास्त खाली आलं, तर नुकसान आधीच झालेलं होतं, फक्त दिसत नव्हतं.

रसायनांनी खात्री करायची असेल तर दोन जुन्या चाचण्या अजून कामाच्या आहेत. फेलिंगच्या गरम द्रावणात तुकडा ठेवला आणि त्यावर गुलाबी-तांबडा थर बसला, तर आल्डिहाइडसारखे गट आहेत: आल्डिहाइडवालं ऑक्सिसेल्युलोज किंवा आम्लाने तुटलेलं हायड्रोसेल्युलोज, दोन्हींत हे येतं. मिथिलीन ब्लूच्या पातळ द्रावणात बुडवून उकळत्या पाण्याने धुतल्यावर चांगल्या तुकड्यापेक्षा गडद निळा राहिला, तर कार्बॉक्सिल गट आहेत, म्हणजे जास्त क्षारी ऑक्सिडीकरणाची खूण. तुलना मात्र त्याच टप्प्यावरच्या चांगल्या कापडाशीच करा. न धुतलेल्या कापसातलं पेक्टिनसुद्धा मिथिलीन ब्लू पकडतं आणि भलताच अर्थ निघतो.

लॅबकडे सोय असेल तर कापड क्युप्रॅमोनियम द्रावणात विरघळवून त्याची फ्लुइडिटी (पातळपणा) काढून घ्या. साखळ्या जितक्या तुटक्या, तितकं द्रावण पातळ आणि आकडा मोठा. नीट ब्लीच झालेल्या कापसाची फ्लुइडिटी साधारण ५ च्या आत बसते, १० च्या पुढे गेली की रासायनिक नुकसान आहे हे धरून चालावं. ही चाचणी घासून झिजलेल्या आणि रसायनाने तुटलेल्या कापडात फरक करते, जो ताकदीच्या यंत्राला कधीच कळत नाही. भांडण मिटवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

उपाय: हायपोक्लोराइटच्या बाथमध्ये सोडा ॲश घालून पीएच धरून ठेवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजा, बाथ गरम होऊ देऊ नका, आणि शेवटी सोडियम थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटने उरलेलं क्लोरीन मारा. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चची पट्टी निळी होणं थांबलं की मगच पुढे जा. हायपोक्लोराइटच्या डब्याजवळ आम्लाची बाटली ठेवायची नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

ताकद ठीक आहे, पण रंग सारखा बसत नाही

यात साखळी तुटलेली नसते. तंतू कुठे उघडलाय आणि कुठे नाही, एवढाच प्रश्न. कापसाच्या बाहेरच्या कवचात मेण आणि पेक्टिन असतं, ते स्कोअरिंगमध्ये गरम कॉस्टिकने काढतात. अर्धवट निघालं तर धूसर कडांचे फिके ढग उमटतात. कापड ताणून धरा, पाण्याचा थेंब सोडा, तो किती वेळात मुरतो ते रुंदीभर पाच-सहा जागी बघा. एकीकडे लगेच आणि दुसरीकडे रेंगाळत असेल तर रंगाशी भांडू नका. आयोडीनच्या थेंबाने निळं झालं तर खळ उरलीय.

पांढरे बारीक कण रंग अजिबात घेत नसतील तर ते मृत कापसाचे गोळे आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ की रंग दिसायला जागाच नाही. मर्सरायझेशनने, म्हणजे थंड, तीव्र कॉस्टिकमध्ये तंतू फुगवल्याने, हे बऱ्यापैकी झाकलं जातं.

मर्सरायझेशनबद्दल जरा सविस्तर, कारण छटा बदलण्याचं मोठं कारण तेच आहे. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये याचं पेटंट घेतलं. चमक आली ती पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी कापड ताणून धरल्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कच्चा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. थंड, साधारण १८ ते २५ टक्के कॉस्टिकमध्ये तो डोळ्यांदेखत फुगतो, पीळ उलगडतो, मधली पोकळी जवळजवळ मिटते आणि छेद गोलाकडे जातो. आतल्या स्फटिकांची रचनाही बदलते, त्यांचं प्रमाण घटतं, म्हणून पाणी आणि रंग दोन्ही जास्त शिरतात. साखळी तुटत नाही, ताणामुळे ती अधिक एका दिशेत येते, म्हणून कापड मजबूतही होतं.

आता लॉटच्या सुरुवातीला गडद आणि शेवटी फिकं का येतं? पहिलं, तंतू कॉस्टिक घेताना उष्णता सोडतो, थंड करायची सोय कमी पडली की बाथ तापतो आणि फुगणं घटतं. दुसरं, ओलं कापड आत गेलं की कॉस्टिक पातळ होतो. तिसरं आणि सगळ्यात फसवं: परत मिळवलेल्या कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट साठत जातं, त्याने घनता वाढते आणि हायड्रोमीटर ऐटीत बरोबर आकडा दाखवतो, पण खरा कॉस्टिक कमी असतो. फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज दोन्ही वापरून टायट्रेशन केलं की दोन्ही वेगळे मोजता येतात. काम कितपत झालंय हे बेरियम ॲक्टिव्हिटी नंबर (कापड बेरियम हायड्रॉक्साइड किती शोषतं त्याचा आकडा) सांगतो: अजिबात न झालेलं १०० च्या आसपास, पूर्ण झालेलं १५० च्या पुढे. लॉटच्या दोन्ही टोकांचे नमुने काढा, एका टोकाच्या नमुन्याने काहीच कळत नाही.

रिॲक्टिव्ह रंग सगळीकडेच फिका आला आणि बाकी सगळं बरोबर असेल, तर कापडात पेरॉक्साइड उरलं होतं का बघा. पेरॉक्साइड तोडणाऱ्या कॅटालेझ एन्झाइमचा एक छोटा बाथ हा प्रश्न संपवतो.

लोकर आणि रेशीम: सुताची पद्धत इथे लावू नका

लोकर हे प्रथिन आहे. तिला आम्ल चालतं, इतकं की लोकरीतला काडीकचरा सल्फ्युरिक आम्लाने भाजून चुरा करून काढतात आणि लोकर टिकते. क्षार मात्र तिचे सिस्टीनचे गंधक-पूल तोडतो. ५ टक्के उकळत्या कॉस्टिकमध्ये लोकर काही मिनिटांत विरघळून जाते, हायपोक्लोराइटमध्येही विरघळते. लोकर-सूत मिश्र कापडावर सुताचं ब्लीच चालवलं तर उरेल ते फक्त सूत. आटू नये म्हणून लोकरीवर क्लोरीन देतात तेव्हा खवल्यांच्या कडा मऊ होतात, पण प्रमाण असमान झालं की त्या जागा पिवळट, खरखरीत आणि रंगाला अधाशी होतात.

रेशमात सेरिसिनचा डिंक साधारण पाव वजनाचा. कमी निघाला तर रंग डागाळतो, फार उकळला तर फायब्रॉइनचेच (रेशमाच्या मूळ तंतूचेच) बारीक तंतुक सुटून कापडावर पांढुरकी लव दिसते. ती रंगाने झाकत नाही.

फिनिशनंतरच ताकद गेली असेल तर

सुरकुत्या न पडण्याच्या रेझिन फिनिशने सुती कापडाची ताकद बरीच घटते. त्यातला एक भाग साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्यामुळे असतो, ताण आला की त्या सरकू शकत नाहीत. दुसरा भाग आम्लधर्मी कॅटॅलिस्ट भट्टीत तापल्यामुळे साखळी तुटल्याचा. वेगळे करायला पातळ आम्लाने नमुन्यावरचं रेझिन काढून, नीट धुऊन पुन्हा ताकद मोजा. परत आलेली ताकद पहिल्या भागाची, न आलेली दुसऱ्याची. दुसरा भाग मोठा निघाला तर भट्टीचं तापमान, आतला वेळ आणि कॅटॅलिस्टचं प्रमाण याच क्रमाने तपासा.

बाहेरच्या लॅबला नमुना पाठवायचा असेल तर फाटलेला तुकडा एकटा पाठवू नका. त्याच लॉटचं ग्रे, स्कोअरिंगनंतरचं, ब्लीचनंतरचं आणि तयार कापड अशा पट्ट्या, प्रत्येकीवर उभ्या धाग्याची दिशा खुणावलेली, शिवाय बाथच्या पीएचच्या नोंदी आणि त्या दिवशीच्या पाण्याची बाटली. पट्ट्यांसाठी कापड प्रत्येक टप्प्यावर आधीच कापून ठेवावं लागतं, लॉट संपल्यावर मागचा टप्पा मिळत नाही.